माध्यमिक शिक्षकाच्या कामाचं मूल्यमापन: जूनपासून गोपनीय अहवालापर्यंत

मुंबईतल्या बहुतेक माध्यमिक शाळांत शिक्षकाचं मूल्यमापन वर्षातून एकदा होतं, आणि तेही टेबलावर. वर्ष संपत आलं की गोपनीय अहवालाचे फॉर्म निघतात. मुख्याध्यापक एका बैठकीत तीस-चाळीस जणांचे रकाने भरतात, ‘चांगले’, ‘समाधानकारक’, ‘अधिक प्रयत्न आवश्यक’ असं लिहून सह्या करतात. खासगी इंग्रजी शाळांत फॉर्म जास्त चकचकीत असतो, पण तिथेही वजन दोनच गोष्टींना मिळतं: दहावीचा निकाल आणि पालकांच्या तक्रारी. वर्गात प्रत्यक्ष काय चालतं हे दोन्हीकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. वर्षअखेरच्या अहवालातली एकही गोष्ट शिक्षकाला पहिल्यांदा कळता कामा नये. जे सांगायचं ते त्याच आठवड्यात, समोर बसून आणि लिहून सांगायचं. खालची पद्धत या एका आग्रहावर उभी आहे. अनुदानित शाळा, पालिकेची शाळा, लाखाची फी घेणारी शाळा, तिन्हीकडे ती चालते. फक्त कागद वेगळे असतात.

आधी आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते बघा

चांगल्या हेतूने केलेलं मूल्यमापनही नियमात बसत नसेल तर पुढे टिकत नाही, म्हणून सुरुवात इथून. राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना, अनुदान असो वा नसो, १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. नियमावलीतला १५ वा नियम गोपनीय अहवालाचा. त्यातल्या दोन गोष्टी मुख्याध्यापकाने पाठ करून ठेवाव्यात. अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा ठरलेल्या मुदतीत शिक्षकाला लेखी कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. आणि परिवीक्षेवर, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणी काळात, असलेल्या माणसाच्या कामाचं मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायची असते. शिक्षण सेवकाची, म्हणजे मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकाची, तीन वर्षं भरत आल्यावर ‘काम असमाधानकारक’ म्हणून त्याला घरी पाठवायचं आणि फाइलमध्ये एकाही तासाची नोंद नाही, अशा वेळी शाळा न्यायाधिकरणात संस्थेची बाजू लंगडी पडते. तसं झालं तर ते योग्यच आहे असं मी म्हणेन.

पालिकेच्या माध्यमिक शाळांना हा कायदा लागत नाही. तिथले शिक्षक महापालिकेचे कर्मचारी, त्यामुळे त्यांचे अहवाल महापालिकेच्या सेवानियमांप्रमाणे लिहिले जातात. केंद्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत असाल तर नेमणूकपत्रातल्या अटी आणि संस्थेचे नियम काढून वाचा.

शाळेच्या प्रकाराप्रमाणे धोकाही बदलतो. अनुदानित शाळेत पगार शासनाच्या वेतनश्रेणीने होतो, १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड श्रेणीचा टप्पा येतो, त्यात मुख्याध्यापकाच्या दोन ओळींनी दरमहा काही हलत नाही. म्हणून तिथे सगळेच मूल्यमापन हलक्यात घेतात. विनाअनुदानित शाळेत उलटं: वेतनवाढ, कधी कधी नोकरीही, त्याच कागदावर टांगलेली. तिथे शिक्षक इतका धास्तावलेला असतो की पाहायला कोणी आलं की पाठ केलेला नमुना पाठ सादर करतो. पहिल्या ठिकाणी संवादावर जोर द्या, दुसऱ्या ठिकाणी पुराव्यावर.

पहिली पायरी: जूनमध्ये काय पाहणार ते सांगून टाका

शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या शिक्षकांची बैठक घ्या आणि वर्षभर काय पाहिलं जाणार ते एका पानावर द्या. माझ्या पानावर पाच गोष्टी असायच्या: तयारी, वर्गातलं शिकवणं, वह्या-पेपर तपासणं, मुलांची प्रगती, आणि सहकारी व पालकांशी वागणूक. निम्मं वजन वर्गातल्या शिकवण्याला. बाकीच्या चारांत उरलेलं वाटा, पण वाटप शिक्षकांशी बोलून करा. शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत: वेळेवर हजर राहणं, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करणं, प्रत्येक मुलाची कुवत ओळखून गरज असेल तिथे जादा शिकवणं, पालकांना भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं. तो कायदा आठवीपर्यंतचा असला तरी नववी-दहावीसाठीही ही यादी पायाभूत म्हणून वापरायला हरकत नाही.

याच पानाच्या मागच्या बाजूला त्या शिक्षकावरचा बोजा लिहा. आठवड्याला किती तास, किती तुकड्या, वर्गात मुलं किती, गैरहजर शिक्षकांचे किती ऑफ तास घ्यावे लागतात, वर्गशिक्षकपद आहे का. मुंबईत आणखी एक रकाना लागतो तो निवडणूक कामाचा. मतदार यादीचं काम लागलेला शिक्षक शाळा सुटल्यावर चाळीचाळींतून आणि सोसायट्यांतून फिरतो, काही वेळा शाळेच्या वेळेतही त्याला सोडावं लागतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं कायद्याने शिक्षकाला लावता येतात, तेव्हा तक्रारीला वाव नाही. पण तो किती दिवस गेला याची नोंद आपणच ठेवायची असते. फेब्रुवारीत ‘अभ्यासक्रम अपूर्ण’ असा शेरा मारताना ते दिवस समोर नसतील तर तो शेरा अन्यायाचा होतो.

दुसरी पायरी: वर्ग कुठून निघाला ते मोजा

शाळा उघडल्यावर लगेच एक छोटी पायाभूत चाचणी घ्या, खास करून आठवी-नववीत. मुंबईत आठवीला किंवा नववीला शाळा बदलणारी मुलं पुष्कळ, त्यांत प्राथमिक शाळा संपल्यामुळे आलेलीही असतात. एकाच तुकडीत एक मूल समीकरणं सोडवतं आणि दुसरं अपूर्णांकांची बेरीज करताना अडतं. गणितात मागच्या दोन इयत्तांवरची दहा उदाहरणं, भाषेत एक उतारा आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत पाच ओळी, एवढी चाचणी पुरे. तिचे गुण मुलांच्या निकालात धरायचे नाहीत हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगा. हा कागद नसेल तर मार्चमधला कोणताही आकडा शिक्षकाबद्दल काही सांगत नाही.

तिसरी पायरी: वर्गात जाऊन बसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दारातून डोकावणं किंवा सीसीटीव्हीवर पाहणं याला निरीक्षण म्हणत नाहीत. शेवटच्या बाकावर, पूर्ण तास, घंटेपासून घंटेपर्यंत बसायचं. एका शिक्षकाचे वर्षात किमान चार तास पाहावेत, त्यातले दोन आधी सांगून आणि दोन न सांगता. चाळीस शिक्षकांचे १६० तास होतात आणि कामाचे दिवस साधारण २२०. म्हणजे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांनी मिळून रोज एक तास पाहिला तरी जमतं. वेळ मिळत नाही ही सबब इथे संपते.

चारपैकी एक तास त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने पाहावा. विज्ञान शिकलेल्या मुख्याध्यापकाला संस्कृतच्या तासातली चूक कळेलच असं नाही. दोन जोड्या डोळ्यांचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेत २००९ ते २०१२ या काळात गेट्स फाउंडेशनने शिक्षक मूल्यमापनावर मोठा अभ्यास करून घेतला. त्यात दिसलं की एकापेक्षा जास्त निरीक्षकांनी तास पाहिले तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होतो, आणि निरीक्षण, विद्यार्थ्यांचं मत व गुणांतली वाढ ही तिन्ही एकत्र धरली तर चित्र जास्त स्थिर राहतं. कामाला लागण्यापूर्वी तुम्ही आणि पर्यवेक्षक एकदा एकाच तासाला बसा, वेगवेगळं लिहा आणि मग कागद शेजारी ठेवा. आपण किती वेगळं पाहतो ते तिथेच समजेल.

वेळ निवडतानाही भान ठेवा. जुलैत पाणी भरून लोकल अडकल्यावर निम्मा वर्ग रिकामा असतो, गणपतीच्या आदल्या दिवशी मुलांचं लक्ष घरी असतं. दोन सत्रांच्या शाळेत दुपारच्या सत्राचा शेवटचा तास आणि सकाळचा पहिला तास यांची तुलना करू नका.

आता लिहायचं काय? बऱ्याच लॉगबुकांत, म्हणजे तास पाहिल्याच्या नोंदवह्यांत, अशी नोंद सापडते: ‘पाठ चांगला झाला. फलकलेखन सुबक. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा.’ ही नोंद कोणत्याही शिक्षकाच्या, कोणत्याही तासाच्या खाली चिकटवता येते, म्हणून ती निरुपयोगी आहे. नववीच्या विज्ञानातल्या ‘गतीचे नियम’ या पाठाचा एक तास धरू. तो असा लिहावा:

‘११.२० तास सुरू. ११.२६ पर्यंत हजेरी आणि वही न आणलेल्यांची चौकशी. ११.२६ ते ११.४१ बाई बोलत होत्या, चाल आणि वेग यांतला फरक दादर-ठाणे लोकलच्या उदाहरणाने मांडला, तो मुलांना पटला. एकूण ९ प्रश्न विचारले, ७ ची उत्तरं पहिल्या दोन बाकांवरून आली. खिडकीकडच्या शेवटच्या तीन बाकांकडे एकही प्रश्न गेला नाही. ११.४१ ला एका मुलाने विचारलं, चाल तीच ठेवून गाडी वळली तर त्वरण असतं का? उत्तर मिळालं, ते पुढे येईल. ११.४८ ला मुलांनी उदाहरण सोडवलं. मी तीन वह्या पाहिल्या, दोघांनी उत्तराला एकक लिहिलं नव्हतं.’

यात विशेषण जवळजवळ नाही. घड्याळ आहे, मोजदाद आहे, आणि त्या मुलाचा प्रश्न आहे. तो प्रश्न त्या तासातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट होता. वळताना दिशा बदलते म्हणून वेग बदलतो, म्हणून त्वरण असतं. चाल आणि वेग यांतला फरक नुकताच शिकवून झाला होता, त्याला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं. ते बाईंच्या हातातून निसटलं. हे त्यांना अपमान न करता दाखवता आलं तर त्या पुढच्या तासात असा प्रश्न धरून ठेवतील.

मोजण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि ती शांतता तीन सेकंदांच्या पुढे नेली की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. यासाठी ना स्मार्ट बोर्ड लागतो, ना प्रशिक्षणाचा खर्च. साठ मुलांच्या वर्गातही ते जमतं.

निरीक्षणानंतरची चर्चा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवी. शिक्षक खोलीत सगळ्यांसमोर नको, आणि जिन्यात उभ्या उभ्या तर नकोच. पहिला प्रश्न तुम्ही विचारा: ‘आज कोणत्या मुलांना कळलं नाही असं तुम्हाला वाटतं?’ शिक्षक वर्गाकडे किती लक्ष ठेवून आहे ते या एका उत्तरातून समजतं. मग नोंद वाचायला द्या, काय चांगलं झालं ते नेमकं सांगा, आणि सुधारणेची एकच गोष्ट ठरवा. पाच सांगितल्या तर एकही होत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी तीच गोष्ट पाहा. शिक्षकाची सही घ्या आणि प्रत त्याच्या हातात द्या.

चौथी पायरी: वह्या आणि प्रश्नपत्रिका

वह्या शिक्षकाला निवडू देऊ नका. हजेरीपटावरून पाच क्रमांक तुम्ही सांगा, त्यात पायाभूत चाचणीतले दोन कच्चे असू द्या. किती पानांवर लाल सही आहे हे मोजण्यात अर्थ नाही. दाखवलेली चूक मुलाने पुढच्या पानावर दुरुस्त केली आहे का, ते पाहा. पाठ टाचणाचंही, म्हणजे तासाच्या तयारीच्या लेखी नोंदीचंही, तेच: गेल्या वर्षीचं टाचण तारीख बदलून उतरवलेलं असेल तर ते लगेच ओळखू येतं, कारण त्यात या वर्षीच्या मुलांची एकही खूण नसते. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत स्वाध्यायातले प्रश्न जसेच्या तसे किती आणि मुलाला विचार करायला लावणारे किती, हे मोजा. चांगला शिक्षक प्रश्नपत्रिकेतून लगेच दिसतो.

पाचवी पायरी: निकाल, पण जपून

निकाल बघूच नये असं मी म्हणत नाही. मुलं वर्षभर शिकायला येतात आणि ती काय शिकली हे पाहणं आपलं काम आहे. पण शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या फाटकावर लागतो तेव्हा तो कसा आला हे विचारायला हवं. नववीत किती मुलं मागे ठेवली? किती जणांना ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवून बाहेरून बसायला लावलं? कच्च्या मुलांना बाहेर काढून आलेल्या निकालावर एखाद्या शिक्षकाचा सत्कार होत असेल, तर त्यांना वर्गात ठेवून शिकवणाऱ्या शिक्षकाला आपण शिक्षा करत आहोत.

म्हणून तुकडीची सरासरी बाजूला ठेवा. पायाभूत चाचणीत जे मूल जिथे होतं तिथून ते किती पुढे आलं ते पाहा, आणि खालच्या तिसऱ्या हिश्शाकडे वेगळं बघा. भाषेसारख्या विषयात दहावीला लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. अंतर्गतमध्ये सगळ्यांना १८-१९ आणि लेखीत निम्मे नापासाच्या काठावर, असं दिसलं तर अंतर्गत मूल्यमापन नावापुरतंच झालेलं आहे. क्लासचाही हिशोब धरा. बोरिवली, दादर, ठाणे पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय शाळेत दहावीची बहुतेक मुलं संध्याकाळी क्लासला जातात, गोवंडी-मानखुर्दच्या शाळेत अनेकांना ते परवडत नाही. दोन्हीकडच्या गणित शिक्षकांचे निकाल शेजारी ठेवून कोण चांगलं हे ठरवणं चुकीचं आहे.

अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१४ मध्ये याबाबत स्पष्ट इशारा दिला आहे. बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा वाटा १ ते १४ टक्के एवढाच दिसतो, बाकी घर, परिस्थिती, शाळा आणि व्यवस्था. त्यामुळे एका वर्षाच्या एका तुकडीवरून कोणाची वेतनवाढ रोखू नका. तीन वर्षांचा कल पाहा, आणि तोही वर्गनिरीक्षणाशी ताडून.

सहावी पायरी: मुलं आणि पालक

मुलांना ‘हे सर कसे आहेत’ असं विचारलं तर आवडनिवड कळते, शिकवणं नाही. त्यांनी रोज पाहिलेलं विचारा. न समजल्यास पुन्हा विचारायची भीती वाटते का? चाचणीचा पेपर किती दिवसांत परत मिळाला? चूक कशी सुधारायची ते सांगितलं का? तास वेळेवर सुरू होतो का? एखाद्या मुलाला सर्वांसमोर लागेल असं बोललं जातं का? निनावी कागद, त्या विषयाचा शिक्षक वर्गात नसताना, वर्षातून दोनदा. गणित आणि इंग्रजीच्या कडक शिक्षकांना थोडे कमी कौल मिळतात हे गृहीत धरा, पण शेवटच्या प्रश्नाला अनेक मुलांनी ‘हो’ लिहिलं असेल तर तो विषय त्याच दिवशी हातात घ्या.

पालकांकडून शिक्षकाला गुण मागू नका. त्यांनी वर्ग पाहिलेला नसतो, आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पेटलेली गोष्ट सोमवारी तक्रार होऊन येते. तक्रार लेखी घ्या, शिक्षकाचं म्हणणं घ्या, चौकशी करा. निष्कर्ष निघाला तरच ती फाइलमध्ये जाईल. फी भरणारा पालक नाराज आहे एवढ्यावर संस्थेने शिक्षकाला धारेवर धरलं, तर मुख्याध्यापकाने शिक्षकाच्या बाजूला उभं राहायला हवं.

सातवी पायरी: स्वयंमूल्यमापन, मदत आणि मग अहवाल

पहिलं सत्र संपताना प्रत्येक शिक्षकाशी अर्धा तास बोला. त्याआधी त्याने स्वतःबद्दल एक पान लिहावं: काय जमलं, कोणती मुलं मागे आहेत, शाळेकडून काय हवं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण निम्म्या अडचणी आपल्याच हातातल्या असतात. प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, प्रोजेक्टर का चालत नाही, लागोपाठ पाच तास कोणी लावले, याची उत्तरं मुख्याध्यापकाने द्यायची आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ते तास कुठेतरी बसून भरण्यापेक्षा, निरीक्षणात जे कच्चं दिसलं त्यावर खर्च व्हावेत. वर्ग सांभाळायला अडचण येणाऱ्या नव्या शिक्षकाला आठवड्यातून एक तास मोकळा द्या आणि त्याच शाळेतल्या मुरलेल्या शिक्षकाच्या वर्गात बसवा. ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा याचा परिणाम लवकर दिसतो.

परिवीक्षेवरच्या शिक्षकासाठी हे बोलणं वर्षातून तीन-चार वेळा हवं, आणि दर वेळी लेखी. काम खरंच जमत नसेल तर त्याला पहिल्याच वर्षी स्पष्ट कळायला हवं, मदत मिळायला हवी, आणि सुधारायला वेळही.

एवढं सगळं झाल्यावर गोपनीय अहवाल लिहायला एका माणसामागे दहा मिनिटंही लागत नाहीत, कारण मजकूर फाइलमध्ये तयार असतो. प्रत्येक शेऱ्यामागे तारखेची नोंद असावी. ‘वर्गनियंत्रण कमी’ असं न लिहिता ‘दि. अमुक आणि अमुक रोजी पाहिलेल्या तासांत पहिली दहा मिनिटं वर्ग शांत होण्यात गेली, चर्चेनंतर तिसऱ्या तासात सुधारणा’ असं लिहा. प्रतिकूल शेरा असेल तर तो मुदतीत, लेखी, पोच घेऊन कळवा. शिक्षकाला तो मान्य नसेल तर त्याचं उत्तर घ्या आणि अहवालासोबतच जोडून ठेवा. शाळा समितीपुढे फाइल जाईल तेव्हा दोन्ही कागद एकत्रच जायला हवेत.